सत्तावीस नंबरची भीमाबाई

१

सकाळी आठ वाजता भार्गव महाडिकनं शंकर नगरमधल्या आपल्या घराच्या गॅरेजचं शटर उचललं, तेव्हा इंजिन जागेवरच होतं. फक्त ते कालचं इंजिन नव्हतं.

साडेतीन फूट लांब, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारं ते मॉडेल. रायपूरहून अभनपूरमार्गे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या लाइनवर एकेकाळी जशी इंजिनं धावत, तसं हुबेहूब. काल संध्याकाळी त्याच्या हिरव्या केबिनवर दोन्ही बाजूंना 'महानदी' अशी पितळी पाटी होती आणि खाली नंबर होता १. आज पाटीवर 'भीमाबाई' होतं. नंबर होता २७.

जुन्या पाट्या कोणी नेल्या नव्हत्या. इंजिनामागच्या टेंडरमधल्या कोळशावर त्या एकावर एक नीट ठेवलेल्या होत्या.

भार्गवनं दोन घरं सोडून राहणाऱ्या इरावती पुराणिकांना फोन केला. इरावतीबाईंनी मंत्रालयात सव्वीस वर्षं विभागीय चौकशा केल्या होत्या. त्यांच्या अहवालांविरुद्ध अपिलात गेलेले बरेच होते, जिंकलेले दोन. त्या दोघांची नावं त्यांना अजून पाठ होती. वही घेऊन त्या लगेच आल्या.

"मावशी, चार वाजता नव्या रायपूरहून म्युझियमची गाडी येऊन राहिली," भार्गव म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय होती. "बाबांचं इंजिन. नऊ वर्षांची मेहनत त्यांची. कॅटलॉग आज छापायले जाणार, आणि कोणीतरी नावच बदलून टाकलं."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

शटरच्या किल्ल्या तीन होत्या. एक भार्गवकडे. दुसरी लोकेश डोंगरेकडे. तो रेल्वेत विजेच्या इंजिनांवर सहायक चालक होता आणि सुट्टीच्या दिवशी इथं यायचा. तिसरी हरिदास रामटेकेंकडे. हरिदास छोट्या लाइनच्या इंजिन-शेडमधले निवृत्त फिटर, वय एकाहत्तर. मॉडेलला तेल-पाणी करणं आणि प्रदर्शनात ते चालवून दाखवणं, हे काम त्यांचं.

"मले हरिदासकाकांवरच डाउट आहे," भार्गव आवाज खाली आणून म्हणाला. "सकाळी आले, पाटी पाह्यली, तेव्हापासून बाहेर स्टुलावर बसले आहेत, एक शब्द बोलून नाही राहिले. म्युझियममध्ये दर रविवारी इंजिन पेटवायचं काम त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी हे केलं असंल, तर चारच्या आधी ते नाव मी कापतो. बाबांच्या कामाची बेइज्जती मी सहन नाही करणार."

इरावतीबाईंनी वही उघडून मधोमध एक रेघ मारली. डावीकडे 'पाहिलेलं', उजवीकडे 'ऐकलेलं'. भार्गवचं सगळं बोलणं उजवीकडे गेलं.

"आणि हे दार?" त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते स्वयंपाकघरात जाते. कडी घराच्या बाजूनं आहे. पण आई इकडं फिरकत नाही, मावशी. तिले कोळशाचा वास सहन होत नाही."

हेही उजवीकडे गेलं.

२

लोकेश साडेनऊला आला. मॉडेल मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणारा सभासद तोच होता. 'महानदी नावाचं इंजिन छोट्या लाइनवर कधी नव्हतंच, आणि या जातीच्या इंजिनाला १ नंबर असूच शकत नाही,' असं त्यानं मागच्याच महिन्यात लिहिलं होतं.

"दीदी, लिखा था, मानता हूँ," तो म्हणाला. "पर मी पाट्या बदलल्या असत्या तर रंग नसता खराब केला. ये देखिए ना."

खरंच होतं. 'महानदी'ची पाटी लांब होती. ती निघाल्यावर तिची भोकं नव्या पाटीच्या दोन्ही बाजूंना उघडी पडली होती. नवी पाटी आखूड, चार कोपऱ्यांत चार स्क्रू.

"ही पाटी काढ," इरावतीबाई म्हणाल्या.

लोकेशनं पेचकस लावला आणि थांबला. "दीदी, स्क्रूचे डोके छिलले आहेत. मोठ्या पात्याच्या पेचकसानं पिळलेले दिसतात. आपल्या इथं असा पेचकस नाही."

स्क्रू चार दिशांना तोंड करून होते. एकाची खाच आडवी, दोघांची तिरकी, चौथ्याची उभ्याच्या जवळपास. इरावतीबाईंनी ते चारही जसेच्या तसे वहीत डावीकडे काढून घेतले.

पाटी निघाली. तिच्याखालची चार भोकं ताजी असायला हवी होती. ड्रिलचा चकचकीत पत्रा दिसायला हवा होता. तसं काही नव्हतं. भोकांच्या कडांना वाळलेल्या लांबीचा चुरा चिकटला होता. लांबी म्हणजे रंग देण्याआधी खड्डे बुजवायला भरतात ती. आणि चुऱ्याच्या वरच्या बाजूला हिरवा रंग होता.

"हा हिरवा रंग कधीचा?"

"दो हजार तेरा का," लोकेश म्हणाला. "पहिल्या प्रदर्शनासाठी मारला होता, महाडिक अंकल सांगायचे. तेव्हापासून हात नाही लावला."

खाली भोक, भोकात लांबी, लांबीवर रंग. म्हणजे रंग द्यायच्या आधी ही भोकं होती, आणि कोणीतरी ती मुद्दाम बुजवली होती. आज सकाळी कोणीतरी रंगावरून बोट फिरवून ती शोधली आणि टोकरून मोकळी केली.

इरावतीबाईंनी पाटी पुन्हा त्या जागेवर धरली. चारही भोकं चार भोकांवर बसली, केसाचाही फरक नाही.

"लोकेश, आपण उलटं समजून चाललो होतो," त्या म्हणाल्या. "ही नवी पाटी नाही. आधीची पाटी हीच आहे."

३

हरिदास रामटेके स्टुलावर ताठ बसले होते. खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात गुडघ्यांवर.

"हरिदासभाऊ, पाट्या तुम्ही बदलल्या?"

"हव. लिहा ना, मीच बदलल्या."

"कधी?"

"सकाळी."

"किती वाजता?"

"घडी नाही पाह्यली."

"पेचकस कोणता घेतलात?"

"बाई, मी कबूल करून राहिलो, तर इतकं काहून विचारता?"

"इतक्या लवकर कबूल होणारा माणूस बहुतेक दुसऱ्या कोणाला तरी झाकत असतो, म्हणून."

हरिदास रस्त्याकडे बघू लागले. इरावतीबाई त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. शिट्टीच्या पट्टीचा एक स्क्रू त्यांनी लोकेशकडून आधीच काढून ठेवला होता. "हा एवढा बसवून द्या. लोकेशला जमत नाहीये."

हरिदासांनी स्क्रू हातात घेतला, पुसला, लावला. शेवटच्या पावपिळ्याला त्यांचा हात मंदावला, थांबला, केसभर पुढे गेला. खाच बरोबर उभी झाली. मग सवयीनंच त्यांनी अंगठ्यानं तिच्यावरून एकदा पुसून घेतलं.

इरावतीबाईंनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. पट्ट्या, कड्या, पायऱ्या, दिव्याची बैठक. जिथं जिथं स्क्रू होता तिथं खाच उभी होती.

"हे असं कशासाठी?"

"शेडची रीत आहे, बाई. सगळ्या खाचा उभ्या ठेवल्या, तर एखादा स्क्रू ढिला झाला की दुरूनच समजते. माझ्या उस्तादानं आडवी खाच पाह्यली की जेवू नव्हता देत."

इरावतीबाईंनी वहीतलं चार स्क्रूंचं चित्र त्यांच्यासमोर धरलं. "हे पाटीवरचे. सांगा, हे काम तुमचं?"

हरिदासांनी चित्रावरून अंगठा फिरवला. आपल्या नावावर गुन्हा लिहून घ्यायला ते तयार होते. हे काम लिहून घ्यायला त्यांचा जीव धजेना.

"नाही," ते म्हणाले. "असं काम माझ्या हातून होत नाही."

"मग कोणाचं?"

"ते मी नाही सांगणार. माझं नाव कापायचं तर कापा."

त्यांना ते माहीत होतं, म्हणजे. पाटी पाहताक्षणीच माहीत झालं होतं.

४

"तुमच्या शेडमध्ये इंजिनाचा नंबर आणखी कुठं लिहीत?" इरावतीबाईंनी विचारलं.

उत्तर हरिदासांऐवजी लोकेशनं दिलं. "दांड्यावर, दीदी. चाकं जोडणारे दांडे असतात ना, ते. शेडमध्ये पाच-पाच इंजिनं एकदम उघडायचे. कोणता दांडा कोणाचा, घोटाळा नको, म्हणून आतल्या बाजूनं नंबर ठोकून ठेवत. ज्याचा त्यालेच लागला पाहिजे. जुने लोक अजून सांगतात."

"मॉडेलमध्ये असं कोणी करेल?"

"कोण पाहणार आहे तिथं? पागलच करेल."

"एक दांडा काढ."

भार्गवही येऊन उभा राहिला. लोकेशनं डावीकडचा दांडा सोडवला, तेल पुसलं आणि उजेडात उलटा केला. लोखंडात, बोटाच्या नखाएवढ्या आकड्यांत, ठोकलेलं होतं: २७. उजवीकडच्या दांड्यावरही तेच. सातच्या आकड्याचं टोक दोन्हीकडे तुटकं.

हरिदासांची हत्यारांची पेटी बाकाखालीच होती. तिच्यात आकडे ठोकायच्या पंचांचा जुना संच होता. लोकेशनं सातचा पंच उचलून पत्र्याच्या तुकड्यावर एक ठोका मारला. टोक तुटकं उमटलं.

"त्यानं काय होते?" भार्गव म्हणाला. "बाबांनी काकांचा पंच मागून घेतला असंल."

"शक्य आहे," इरावतीबाई म्हणाल्या. "पण मग एक सांग. दोन हजार तेरामध्ये तुझ्या बाबांनी या इंजिनाचं नाव बदललं, नंबर बदलला, रंग बदलला, भोकंसुद्धा बुजवली. इतक्या काटेकोर माणसानं दांड्यांवरचा २७ तसाच का ठेवला?"

इरावतीबाईंनी दांडा भार्गवच्या हातात ठेवला.

"कारण तो तिथं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि ज्याला आपल्या इंजिनाच्या दांड्यावर काय ठोकलंय ते माहीत नाही, त्यानं तो दांडा घडवलेला नसतो."

भिंतीवर श्यामकांत महाडिकांचा फोटो होता. वास्तुविशारद, छोटी लाइन मॉडेल मंडळाचे संस्थापक, गेल्या वर्षी वारले. फोटोखाली कॅटलॉगचं कच्चं पान टाचलेलं होतं. 'बनवणारे: कै. श्यामकांत महाडिक.'

"हे पान कधी आलं?"

"काल संध्याकाळी," भार्गव म्हणाला. "मी घरात सगळ्यांले दाखवलं."

इरावतीबाईंनी पितळी पाटी पुन्हा हातात घेतली आणि इंजिनाच्या बॉयलरवरच्या घुमटाशेजारी धरली. दोन्ही पितळंच. घुमट पिवळाधमक. पाटी मात्र जराशी गुलाबीसर, आणि तिच्या अक्षरांच्या कडा झिजून मऊ झालेल्या.

"हरिदासभाऊ, घुमट कशानं घासता?"

"विटेची भुकटी अन् तेल. इंजिनाच्या पितळेले आंबट लागू नाही द्यायचं, रंग मरते."

इरावतीबाईंनी वही मिटली आणि मागच्या दारावर टकटक केली. कडी घराच्या बाजूनं निघाली.

५

विमला महाडिक चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. ओट्यावर चिंच भिजत घातली होती. देवघरातली समई, घंटा, ताम्हण, सगळं तेच गुलाबीसर तेज घेऊन चमकत होतं. गॅरेजमध्ये उघडणाऱ्या खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि तिच्या खणात बुटका, रुंद पात्याचा पेचकस.

"इरा, साखर अर्धाच चमचा ना?"

"अर्धाच. विमलाताई, त्या पाट्या किती वर्षं घासत होता?"

विमलाबाईंनी गॅस बारीक केला. "बारा. दर दिवाळीले, दर पाडव्याले, देवांसोबत. हरिदासभाऊंनी आपल्या हातानं काढून माझ्याजवळ दिल्या होत्या. म्हणाले, वहिनी, या सांभाळा. मी सांभाळल्या."

"त्यांनी काढल्या?"

"यांनीच सांगितलं त्यांले. पहिलं प्रदर्शन होतं नागपूरले. हे म्हणाले, नाव सगळ्यांचं वाटलं पाहिजे. भीमाबाई म्हटलं तर लोक विचारतील कोण, कोणाची. हरिदासभाऊ समजायचं ते समजले. नऊ वर्षं मी या खिडकीतून पाहत होते, इरा. लेथ यांची, नकाशे यांनी हिंडून हिंडून जमवलेले, ते खरं. पण हात त्यांचे. प्रदर्शनात कोणीतरी यांले विचारलं, तुम्ही बनवलं? हे नुसते हसले. बस. त्या हसण्याचंच पुढं खरं होऊन बसलं."

"भार्गवला का नाही सांगितलं?"

"काल सांगायले गेले. म्हणाला, आई, तुले यातलं काही समजत नाही." त्यांनी चहा गाळला. "मेलेल्या नवऱ्याले लबाड म्हणू कसं? म्हटलं, आपण काही बोलायचं नाही. इंजिनाले त्याचं नाव देऊन टाकायचं. सकाळी अंघोळ केली, देवांच्या आधी तेच काम केलं. त्या रंगावर चार खळ्या होत्या ना, बोटाले लागत होत्या. स्क्रू मात्र फार चिवट होते बाई."

"तुमच्यासाठी हरिदासभाऊंनी गुन्हा अंगावर घेतला आहे."

विमलाबाईंच्या हातातली गाळणी खाली आली. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चहा तसाच सोडून, पदर खोचून त्या दाराकडे निघाल्या. बारा वर्षांत त्या दिवसाउजेडी त्या गॅरेजमध्ये गेल्या नव्हत्या.

६

विमलाबाईंनी ते सगळं मुलासमोर परत सांगितलं, उभ्यानं, एकाही शब्दाची सारवासारव न करता. भार्गव बापाच्या फोटोकडे बघत ऐकत होता.

"काका," तो म्हणाला, "ही भीमाबाई कोण?"

हरिदासांनी पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवला.

"माझी माय. बाबा सत्तावीस नंबरवर फायरमन होते. माय शेडच्या मागं राखेतून अर्धजळका कोळसा वेचायची. आमची चूल त्याच्यावर, माझी मॅट्रिक त्याच्यावर. शेडमधले सगळे इंजिन सारखेच दिसत, पण आम्हाले सत्तावीसची शिट्टी घरातून वळखू यायची. साहेब वाईट नव्हते रे. एकेक माप त्यांनी शोधून आणलं, त्यांच्याबिगर हे झालंच नसतं. नाव काढलं त्याचं मी मनातून सोडून देलं होतं. दांड्यावर तर होतंच ना. चाक फिरे तोवर माय फिरत होती."

"अन् तुम्ही सकाळपासून बोलले काहून नाही?"

"मी नाही केलं म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, मग पाट्या कोणाजवळ होत्या. वहिनीचं नाव माझ्या तोंडून कसं निघंल?"

लोकेश पुटपुटला, "पागलच आहे म्हटलं होतं मी." आणि डोळे पुसायला तेलकट फडकं घेतलं.

इरावतीबाईंनी वही काखेत घेतली. त्यांचं काम संपलं होतं. अहवालाखालचा निर्णय नेहमीच दुसऱ्याचा असायचा.

भार्गवनं फोटोखालचं पान काढलं. खिशातलं पेन घेतलं, बापाच्या नावापाशी थांबला, आणि ते खोडलं नाही. त्याच्या आधीचा शब्द बदलला आणि त्याच्यावर एक नवी ओळ लिहिली. मग म्युझियमला फोन लावला.

"कॅटलॉग थांबवा. हो, आजच पाठवतो. लिहून घ्या. इंजिन क्रमांक सत्तावीस, नाव भीमाबाई. बनवणारे: हरिदास रामटेके, फिटर. नकाशे: श्यामकांत महाडिक. नाही, चूक छपाईची नव्हती. चूक आमच्या घरची होती."

पावणेचारला फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. 'महानदी'ची उघडी भोकं लोकेशनं लांबीनं भरून टाकली होती. भार्गवनं पाटी जागेवर धरली आणि हरिदासांनी आपला पेचकस घेतला. पहिला स्क्रू, खाच उभी. दुसरा, उभी. तिसरा, उभी.

चौथा त्यांनी विमलाबाईंच्या हातात दिला.

"हा तुमचा, वहिनी."

"माझा वाकडा बसते."

"बसू द्या."

विमलाबाईंनी शिलाई मशीनचा बुटका पेचकस आणला आणि दोन्ही हातांनी पिळला. खाच तिरकी थांबली. भार्गवचा हात सरळ करायला पुढं आला, तसा हरिदासांनी तो मनगटाशी धरला.

"राहू दे. दुरून समजलं पाहिजे."

इरावतीबाईंनी वही उघडली आणि डाव्या बाजूला, 'पाहिलेलं'खाली, तिन्ही उभ्या खाचांशेजारी ती चौथी तिरकी खाच काढून घेतली.